कोपरा आणि कोंबड्यांचं कॉमिक

सासरे गेले आणि सासूबाई कोपऱ्यात बसल्या. आमच्या घरात याला कोपरा धरणं म्हणतात. नवरा गेलेल्या बाईने मधल्या खोलीत भिंतीशी चटई टाकून बसायचं, तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं आणि मोरीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. पूर्वी हे वर्षभर चालायचं म्हणे. आता सव्वा महिन्यावर आलंय आणि गावातल्या पुष्कळ घरांनी तेही सोडून दिलंय. आमच्या घराने सोडलेलं नाही, कारण आमच्या घरात फुई आहे.

फुई म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न झालं आणि पुढच्याच दिवाळीच्या आत तिचा नवरा गेला. भावाने तिला माहेरी आणलं आणि ती याच मधल्या खोलीत, याच भिंतीशी, पूर्ण वर्षभर बसली. उठली ती घराची कारभारीण होऊनच. कोणता विधी कसा करायचा, कोणाला काय वाढायचं, कोणाच्या डोक्यावर पदर आहे आणि कोणाच्या नाही, हे सगळं फुई बघते. पण कोणाच्या लग्नात ती पुढे आलेली मी पाहिली नाही आणि बाजारालाही ती जात नाही. सासूबाई तिची थोरली भावजय असूनही मुलांसारख्या तिला फुईच म्हणायच्या आणि तिच्यासमोर आवाज खाली ठेवायच्या.

कोपऱ्यातल्या बाईला एकटं सोडायचं नाही, असाही एक नियम आहे. नवऱ्याची नाशिकला कंपनीत नोकरी, मुलीची शाळा, म्हणून ते दोघं तेराव्यानंतर परत गेले. मी राहिले. म्हणजे ठेवली गेले. माझं काम लॅपटॉपवरचं. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात, त्यांना मी उत्तरं लिहिते. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत' हे वाक्य मी झोपेतही लिहू शकेन. घरून काम करता येतं ही सोय आहे, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. कोणत्याही घरात नेऊन बसवता येईल अशी बाई आपण झालो आहोत, हे मला त्या मधल्या खोलीत समजलं.

खोलीला खिडकी एकच, तीही वाड्यातल्या गोठ्याकडे. एका बाजूला धान्याच्या कोठ्या, दुसऱ्या बाजूला गाद्यांचा ढीग, मध्ये आम्ही दोघी. मिरचीचे दिवस होते. नंदुरबारजवळ, आमच्या रनाळ्याच्या बाजूला निम्म्या शेतांत मिरची आणि आमच्या अंगणातही घरापुरती वाळत घातलेली. वारा फिरला की खोलीत ठसका यायचा. मी खोकायचे, मग सासूबाई खोकायच्या, मग बाहेरून फुई विचारायची, "काय व्हयनं वं?" आणि आम्ही दोघी म्हणायचो, काही नाही. दिवसाचं निम्मं संभाषण एवढंच.

बाकीचं निम्मं रडण्याचं. आमच्याकडे माणसं दारावर येतात. गावोगावचे नातेवाईक जीप करून येतात, पुरुष ओसरीवर बसतात, बायका आत. बाईमाणूस उंबऱ्यात दिसलं की घरच्या बायकांनी हेल काढायचा, आलेलीने पदर तोंडावर घेऊन त्याला जोड द्यायची, मग फुईने "बस करा वं माय" म्हणायचं, मग पाणी, मग चहा. पुढची जीप आली की पुन्हा पहिल्यापासून. सासूबाईंना पहिल्या आठवड्यात खरंच रडू यायचं. पुढे पुढे जीपचा आवाज आला की त्या आधी घसा साफ करायच्या. मला ते बघून इतकं वाईट वाटायचं की मीच रडायचे, आणि येणाऱ्या बायका म्हणायच्या, सून मायाळू आहे.

यात सासूबाईंची एक गोष्ट अडकून पडली होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार पिकलेला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आता थांबू नका, जितकं थांबाल तितकं ते काढणं अवघड होईल. ऑपरेशन ठरलंही होतं आणि त्याच आठवड्यात सासरे गेले. आता सव्वा महिना संपला की लगेच जायचं, असं मी आणि नवऱ्याने ठरवलं होतं. अंगारकीच्या चंद्राकडे डोळे लावावेत तशा सासूबाई त्या दिवसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. त्यांना माणसं धुक्यातून आल्यासारखी दिसायची. मला त्या कपड्यांच्या रंगावरून ओळखायच्या.

मी मोबाइल पदराखाली धरून बघायचे. फुईच्या दृष्टीने सुतकाच्या घरात मोबाइल म्हणजे तमाशाच. काम दुपारी संपायचं आणि मग संध्याकाळपर्यंतचा वेळ ढकलायला माझ्याजवळ तेवढंच होतं.

मोबाइलवर विनोदी म्हणून जे काही येतं, त्यातल्या बहुतेकाचा मला राग येतो. बायको आणि तिची खरेदी, बायको आणि तिचं वजन, बायको माहेरी गेली म्हणून नाचणारा नवरा. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सुतकातही हे येत होतं. खाली हात जोडलेली चित्रं, वर हे. पण त्याच काळात एका मैत्रिणीने मला एका कॉमिकचा पत्ता पाठवला होता. चार चौकटी, पांढऱ्यावर काळ्या रेघा, आणि पिंजऱ्यात तीन कोंबड्या. एक म्हातारी, एक जाडी, एक नवी. चित्रं अशी की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या कोंबड्या उलट्या ठेवलेल्या तांब्यांसारख्या वाटल्या. कोणीतरी मोबाइलवरच बोटाने काढत असणार. काढणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. शेडचं छप्पर, पिंजऱ्यांच्या रांगा, समोरची खाद्याची पन्हळ हे सगळं नवापूरकडचं, पण कोंबड्या बोलायच्या आमची अहिराणी. इकडचं कोणीतरी तिकडे पोल्ट्रीवर कामाला असावं, असं मी ठरवून टाकलं.

एका दुपारी मी पदराखाली फस्सकन हसले. लगेच खोकल्याचं सोंग केलं. अंगणातून फुईचा प्रश्न आला, मी काही नाही म्हटलं. पण सासूबाईंचे डोळे गेले होते, कान नव्हते.

"काय दखी ऱ्हायनी?" त्यांनी हळू विचारलं.

माझं माहेर नाशिकचं. अहिराणी कळते, पण बोलायला गेले की समोरचे हसतात, म्हणून मी मराठीतच सांगितलं, "काही नाही आई, कोंबड्यांची चित्रं आहेत."

"माले बी दखाड."

मी मोबाइल त्यांच्या नाकाजवळ धरला. त्यांना पांढरा चौकोन दिसला, बाकी काही नाही. मग मी दोन बोटांनी पडदा ताणून पहिली चौकट एवढी मोठी केली की तिच्याबाहेर काही उरलंच नाही. त्या सातवी शिकलेल्या. अक्षर मोठं असलं की जुळवून वाचायच्या. नवी कोंबडी म्हणत होती, "दार उघडं शे!"

दुसरी चौकट सरकवली. तिघी दाराकडे बघतायत.

तिसरी चौकट. तिघी दाराकडे बघतायत. शब्द नाही.

"यामा काही लिखेल नही," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. नुसतं बघायचं."

त्यांनी बघितलं. चांगलं नाक लावून, दार कुठे आहे, कोणती कोंबडी कुठे आहे हे शोधत बघितलं. मग मी चौथी चौकट आणली. म्हातारी कोंबडी म्हणत होती, "लोटी दे ते. वारा ई ऱ्हायना." म्हणजे लोटून दे ते दार, वारा येतोय.

सासूबाईंच्या तोंडून आवाज आला नाही. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि त्या भिंतीला टेकून हलत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग बोळा काढून म्हणाल्या, "थांब. आखो दखू दे." मी ती चौकट पुन्हा दाखवली.

तेव्हापासून रोज दुपारी हेच. फुई पाण्याला किंवा गोठ्याकडे गेली की सासूबाई माझ्या मांडीला कोपर लावायच्या. जुनी कॉमिक पुष्कळ होती. नवीन कधी यायचं, कधी यायचं नाही, काढणाऱ्याच्या लहरीवर होतं. सकाळी उठल्यावर त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "उन्या का?" म्हणजे कोंबड्या आल्या का. त्या घरात तोवर उद्याच्या दिवसात वाट बघण्यासारखं काही नव्हतं. एक दिवस तशाच दुसऱ्या दिवसाला मिळायचा. आता निदान उद्या काहीतरी येईल किंवा येणार नाही, एवढा फरक पडला.

मी हे कॉमिक एकटी वाचत होते तेव्हा भरभर वाचायचे. अंगठा वर, हसू, अंगठा वर. सासूबाईंमुळे मला ते हळू वाचावं लागलं, आणि तेव्हा कुठे कळलं की त्यात खरी करामत त्या तिसऱ्या चौकटीची आहे. तिच्यात काहीही घडत नाही. ग्रुपवरच्या विनोदांना ती परवडत नाही, त्यांना तुम्हाला लगेच हसवायचं असतं. हा काढणारा मात्र तिथं थांबतो. कोंबडीला विचार करायला वेळ देतो, आणि तेवढ्या वेळात आपण कोंबडीच्या शेजारी जाऊन बसलेले असतो. मग ती जे म्हणते ते आपणच म्हटल्यासारखं वाटतं.

दुसरं म्हणजे त्यात कोणी सुटत नाही. पहिल्या काही दिवसांत मी वाट बघत होते की नवी कोंबडी पळेल, काही पराक्रम करेल. ती कधीच पळाली नाही. रोज तोच पिंजरा, तीच पन्हळ, त्याच तिघी. सुटकेच्या गोष्टी मला त्या दिवसांत वाचवत नव्हत्या, अडकलेल्या माणसाला त्या टोमण्यासारख्या लागतात. कोंबड्यांनी असलं काही आमिष दाखवलं नाही. चौकटीत राहूनही बोलायला काहीतरी सापडतं, एवढंच त्या दाखवायच्या. आणि ते बोलणं खोटं नसायचं. मला दिवसभर 'मनापासून दिलगीर' लिहिणाऱ्या बाईला, आणि जीपच्या आवाजावर घसा साफ करणाऱ्या त्या बाईला, घरात खरं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

एका कॉमिकमध्ये जाडी कोंबडी पन्हळीतल्या खाद्याकडे बघून म्हणते, "आज बी तेच शे?" मग दोन चौकटी नुसती खाते. शेवटी रिकाम्या पन्हळीवर मान ठेवून म्हणते, "आज बी तेच व्हतं." सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुन्हा सासरा असाच व्हता."

मी दचकले. सासरे गेल्यापासून त्यांच्याबद्दल घरात जे बोललं जायचं त्यात ते देवमाणूस होते. कोणाला दुखावलं नाही, ताटातलं कधी परतवलं नाही. खरं म्हणजे माणूस मोठा खट्याळ होता. भरताला नावं ठेवत दुसरी भाकरी मागायचा. पाहुणे गेले की त्यांच्या नकला करायचा, आणि सासूबाई पदर तोंडाला लावून चुलीकडे पळायच्या. त्या दुपारी सासूबाई मला त्या नकला सांगत बसल्या. इतके दिवस हेल काढून जे सासरे कोणाला सापडले नव्हते, ते त्या जाड्या कोंबडीपाठोपाठ खोलीत येऊन बसले. मला पहिल्यांदा त्यांची खरी आठवण आली.

सव्वा महिना संपायला थोडे दिवस उरले होते. ऑपरेशनची तारीख मी फोनवर पुन्हा ठरवून घेतली होती. तेव्हा एक कॉमिक आलं. पहिल्या चौकटीत शेजारच्या पिंजऱ्यातली कोंबडी नाहीशी झालेली. दुसरीत या तिघी माना खाली घालून बसलेल्या. तिसरीत तशाच बसलेल्या, फक्त पन्हळीत खाद्य येऊन पडलेलं. चौथीत जाडीची चोच गच्च भरलेली, दाणे खाली सांडतायत, आणि ती म्हणते, "ती गयी तवयपाईन तोंडमा दाना फिरस, खाले उतरत नही."

आम्ही दोघी ते बघून इतक्या हसलो की मला लॅपटॉप उघडून काहीतरी मोठ्याने वाचल्याचं नाटक करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शहाद्याकडून जीप आली. सासऱ्यांची चुलत बहीण, चांगली आडव्या अंगाची बाई, आणि तिच्यासोबत तिकडच्या बऱ्याच जणी. हेल झाला, पाणी झालं. लांबून आलेल्या म्हणून फुईने त्यांना जेवायला बसवलं. दुःखाच्या घरातलं साधं जेवण, तुरीच्या डाळीची खिचडी आणि कढी. बायका सासूबाईंच्या समोरच पंगतीने बसल्या. चुलतबहिणीने दुसऱ्यांदा खिचडी घेतली, वर तेल घेतलं, मोठा घास तोंडात घातला आणि तो घोळवत घोळवत सासूबाईंना म्हणाली, "भाऊ गया तवयपाईन तोंडमा घास फिरस वं माय, खाले उतरत नही."

तिच्या ओठावरून भाताचं एक शीत खाली पडलं.

मी सासूबाईंकडे बघायला नको होतं. त्यांनीही माझ्याकडे बघायला नको होतं, आणि त्यांना तर दिसतही नव्हतं. पण त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. क्षणभर त्या तशाच राहिल्या, काही न बोलता. मग त्यांनी पदर पूर्ण तोंडावर ओढला आणि त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. पदराआडून एक आवाज निघाला, बारीक, मोडलेला. त्यांनी तो दाबला तसा तो जास्तच चिरकत गेला.

चुलतबहिणीने ताट बाजूला सारलं. "माय वं! मन्हा भाऊ वं!" आणि तिने असा हेल काढला की ओसरीवरचे पुरुष उठून उभे राहिले. पंगतीतल्या सगळ्या जणी उष्ट्या हातांनी पदर धरून रडायला लागल्या. शेजारणी धावत आल्या. फुई आली, सासूबाईंना छातीशी धरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि तिच्याही डोळ्यांना पाणी आलं. तिने कुरवाळलं तशा सासूबाई अधिकच हलायच्या. मी कोठीकडे तोंड करून स्वतःचं मनगट चावत बसले होते. इतकं मोठं रडणं त्या घरात सासरे गेले त्या दिवशीही झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी फुईने निर्णय दिला. "वयनीना जीव आजून ठिकाणावर नही. काय रडनी ती आज! आशी बाई बाहेर काढी तं लोके काय म्हनतीन? अखाजीलगून बसू दे. घागर भरूत, मंग उठाडूत."

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. म्हणजे भर उन्हाळा. म्हणजे ऑपरेशन गेलं, उजवा डोळा बहुधा गेलाच, आणि तोपर्यंत ही भिंत, ही चटई, हा ठसका. मी फुईला डॉक्टरांचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, डोळे काय पळून जातायत का. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "फुईला कोण सांगणार?" त्याच्या मागे टीव्हीचा आवाज येत होता. माझा इतका संताप झाला की मी फोन बंद करून गाद्यांच्या ढिगावर फेकला.

मग मी सासूबाईंना म्हणाले, "आई, सांगून टाका. तुम्ही रडत नव्हतात."

"काय सांगसू मी लोकेस्ले? नवरा मरना आन् बायको हासनी?"

त्यानंतर त्यांनी कोंबड्या मागणं बंद केलं. मी पुढे केलं तरी मान वळवायच्या. सकाळचा प्रश्न बंद झाला. त्या भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. त्यांना त्या हसण्याचीच भीती बसली होती. एकदा हसलो तर इतकी शिक्षा झाली, पुन्हा हसलो तर काय होईल, असं काहीतरी. मला जेलमधला सोबती गमावल्यासारखं वाटत होतं. एकटीने मी कॉमिक उघडलं, पण भरभर वाचवेना आणि हळूही वाचवेना.

दारावर येणं कमी झालं तसं फुई दुपारी आमच्या खोलीत येऊन बसायला लागली. समोर मिरच्यांचा ढीग घेऊन देठं खुडायची. एका दुपारी सासूबाई उठून बसल्या आणि पाण्याचा तांब्या शोधायला हात पुढे केला. हात तांब्याच्या शेजारून गेला. पुन्हा केला, पुन्हा गेला. फुईने देठं खुडणं थांबवून बघितलं. तिने तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला.

सासूबाई पाणी प्यायल्या नाहीत. तांब्या मांडीवर धरून त्या म्हणाल्या, "फुई, मी त्या दिन रडनू नही. मी हासनू."

फुईचा हात मिरचीवर तसाच होता.

"कसावर?" फुईने विचारलं.

आणि सासूबाईंनी ते कॉमिक सांगितलं. मोबाइल नाही, चित्र नाही. हाताने हवेत चौकट करून, एकामागून एक. शेजारची कोंबडी गेली. या तिघी माना खाली घालून बसल्या. तिसऱ्या चौकटीला त्या थांबल्या. नुसत्या थांबल्या, त्या काढणाऱ्याने ठेवला होता तेवढाच वेळ ठेवून. मग गाल फुगवून त्या जाडीसारखं बोलल्या, आणि मग सांगितलं की समोर खिचडी खाताना ती बाई अगदी तेच बोलली. सासरे असते तर त्यांनी तिची नक्कल जन्मभर केली असती, हेही सांगितलं. शेवटचं सांगताना त्यांचा आवाज फुटला आणि त्या खरंच रडल्या, हेल न काढता, नाक ओढत.

फुई हसली नाही. देठं खुडत राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "दुसऱ्यांदाव लिन्ही ना तिनी खिचडी?"

"लिन्ही," मी म्हणाले. "वरून तेलही."

फुईच्या तोंडाचा कोपरा हलला, मग स्थिर झाला. ती सासूबाईंच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. तिथला चुना खूप जुन्या टेकण्याने गुळगुळीत झालाय, आणि ते टेकणं सासूबाईंचं एकटीचं नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"मन्हा टायमाले माले कोनी हासाडं नही," ती म्हणाली. मग मिरच्यांचं सूप उचलून उठली. दारातून म्हणाली, "जा. डोया करी या."

दोनेक दिवसांत रिक्षा दाराशी आली. सकाळची थंडी होती. मी सासूबाईंना हाताला धरून दारापर्यंत आणलं. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या. इतक्या दिवसांनी उजेड तोंडावर आलेला, आणि डोळ्यांत तर सगळं पांढरंच. बोलल्या नाहीत, हलल्या नाहीत. रिक्षावाला बघत होता, समोरची शेजारीण बघत होती, मी बघत होते. मला वाटलं त्या मागे फिरणार. मग त्यांनी पाय उचलून बाहेर ठेवला.

मी मागे वळून फुईला म्हणाले, "फुईबाई, तुम्हीही चला ना. जागा आहे. तुमचेही डोळे दाखवू."

ती आत उभी होती, एक हात दाराच्या फळीवर. तिला आम्ही ते तोंडात दाणा फिरण्याचं कॉमिक तेवढं सांगितलं होतं. बाकीची तिला माहीत नव्हती.

"माले काय दखनं शे बाहेर," फुई म्हणाली. "तुम्ही जा. आन् ते दार लोटी द्या. वारा ई ऱ्हायना."

सासूबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली. याच शब्दांवर त्यांनी तोंडात पदर कोंबला होता, आखो दखू दे म्हणाल्या होत्या. आता आम्ही दोघीही हसलो नाही. फुई वाट बघत होती.

मी दार लोटलं. आतून तिने कडी लावल्याचा आवाज आला.